अकरापर्यंत

सिस्टर त्या पोराला आकडे मोजायला लावत होती. एक, दोन, तीन, चार... पोरगा असेल अकरा-बारा वर्षांचा, खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेला, अंगात गणपतीसाठी घेतलेला नवा कुर्ता, आणि ती त्याच्या समोर वाकून एक हात त्याच्या छातीवर ठेवून म्हणतेय, "मध्ये श्वास नाही घ्यायचा हं, एका दमात, जेवढं जाईल तेवढं." मी दारात उभा होतो. माझ्या बाहीवर बाबांचं रक्त होतं, पॅंटवर होतं, बाहेर बाकड्यावर बाबा हाताला पंचा गुंडाळून बसले होते आणि तो पंचा दुसरा होता, पहिला भिजून गेला म्हणून गाडीत टाकलेला. आणि इथे एक बाई एका पोटात दुखणाऱ्या मुलाची उजळणी घेतेय. मी ओरडलो. अगदी शब्द आठवतात मला, "इथे माणूस रक्ताने भिजलाय आणि तुम्ही शाळा घेताय?"

तिने मान वळवली. चिडलेली नव्हती. "त्यांचा हात वर धरा, छातीच्या वर, आणि दाबून ठेवा. आणि जरा गप्प राहा, मला ऐकू येत नाहीये."

हे शेवटचं वाक्य मला पुढे किती महिने सोडणार नव्हतं याची तेव्हा मला काहीच कल्पना नव्हती.

उंदरबीचा दिवस होता. आदल्या दिवशी गणपती बसलेले, घरात वीस-बावीस माणसं, मुंबईहून आम्ही तिघं भाऊ सहकुटुंब, आते, तिची नातवंडं, ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. सकाळी मागच्या पडवीत बाबा नारळ सोलत होते. सत्तरी ओलांडली तरी नारळ दुसऱ्या कुणाला सोलू देत नाहीत. पाऊस होता, कोयतीची मूठ ओली होती, ती घसरली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते ना तिथे आडवी बसली. बाबा ओरडलेसुद्धा नाहीत. "गे, जरा फडको दी" एवढंच म्हणाले आईला. आई बाहेर आली आणि तिनेच किंकाळी फोडली. सोलाणाच्या ढिगावर रक्त पडत होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर पडवीच्या कडेने खाली चाललं होतं, लाल ओघळ, त्यात नारळाच्या काथ्याचे तुकडे. माझ्या डोळ्यांपुढून तो ओघळ अजून जात नाही. भावाने गाडी काढली, आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा तो पंचवीस मिनिटांचा रस्ता, गणपतीतली गर्दी, खड्डे, मध्येच रस्त्यात उभी राहिलेली ट्रॅव्हल्सची बस, मी मागे बाबांचा हात धरून बसलोय आणि मला एकच गोष्ट कळत होती की रक्त जातंय.

कॅज्युअल्टी म्हणजे एक खोली, तीन खाटा, एक हिरवा पडदा. बाहेर व्हरांड्यात बाकडी. ओल्या छत्र्यांचा वास, स्पिरिटचा वास, आणि त्या सगळ्यात मिसळलेला कापराचा आणि उदबत्तीचा, कारण जो तो देवाजवळून उठून तसाच आलेला. बाकड्यांवर पंधरा-वीस माणसं. एका बाईच्या मांडीवर तापाने फणफणलेलं बाळ, एक म्हातारे आजोबा धापा टाकत, दोन पोरगे स्कूटरवरून पडून ढोपरं सोलवटलेले. सिस्टर दारातच होती. तिने बाबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, पंचा सोडला, आत बघितलं, परत घट्ट दाबला. "बोटं हलवा बघू. अंगठा. हां." मग एक नख दाबून धरलं आणि सोडलं आणि त्या नखाकडे बघत राहिली. "चालत आलात ना गाडीपासून? चक्कर? बरं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे? नाही. बसा इथे, हात वर." हे सगळं मिळून मिनिटभराच्या आत. आणि मग त्या पोराची आई आली, पोराला जवळजवळ उचलून, "सकाळपासून पोटात दुखतंय म्हणतोय, दोनदा उलटी झाली, काल मोदक जास्त झाले बहुतेक" असं सांगत, त्यात अजीजी होती, घाबरलेली वगैरे नव्हतीच ती. सिस्टरने पोराची हनुवटी वर केली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सरळ त्याला आत घेतलं. आमच्या आधी. आजोबांच्या आधी. सगळ्यांच्या आधी.

मी तो सगळा वेळ भांडलो. खोटं कशाला सांगू. केसपेपर करणाऱ्याशी भांडलो, वॉर्डबॉय मामांशी भांडलो, दारात जाऊन वर लिहिलं ते बोललो. बाबा म्हणत होते, "माका काय होना नाय, त्या झिलाक बघूंदेत आदी." मला वाटलं त्यांच्या भिडस्त स्वभावामुळे म्हणतायत. पन्नास मिनिटांनी आम्हाला आत घेतलं. सात टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या. टाके डॉक्टरांनी घातले, तरुण मुलगा होता, हात छान चालत होता त्याचा, पण मी त्याच्याशीही धड बोललो नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा १०८ची ॲम्ब्युलन्स दारात लागली होती आणि त्या पोराला स्ट्रेचरवरून आत घेत होते आणि एकजण त्याच्या तोंडावर मास्क धरून फुगा दाबत होता. मी बघितलं ते. बघून सुद्धा माझ्या डोक्यात काही जोडलं गेलं नाही. घरी येऊन संध्याकाळच्या आरतीनंतर मी पंधरा माणसांना ती गोष्ट सांगितली, पोटदुखीवाल्याला आधी घेतलं, आमच्याकडे कुणाचं लक्ष नाही, सरकारी दवाखाने असेच. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाचव्या दिवशी गौरी-गणपती पोचवून नदीवरून परत येताना शेजारच्या वाडीतल्या एका काकांनी सांगितलं. पोरगा त्यांच्या भाचीचा. घरात जागा नाही म्हणून ओटीवर खालीच चटईवर झोपली होती सगळी मुलं ओळीने. रात्री कधीतरी मण्यार चावली. कुणाला कळलंच नाही. त्यालाही नाही. गोव्याला बांबुळीला नेलं, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता बरा आहे, डोळे उघडले, आईला ओळखलं.

मी त्या रात्री जेवलो नाही.

माझी एक चुलतबहीण आहे, मोठ्या काकांची, तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. मुंबईत एका मोठ्या म्युनिसिपल हॉस्पिटलात तिने चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. आता रिटायर होऊन गावी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो, ती चुलीजवळ बसून तांदूळ निवडत होती, आणि मी तिला सगळं सांगितलं, माझं ओरडणं पण सांगितलं. ती निवडत राहिली. मग विचारलं, "कितीपर्यंत मोजलं त्याने?" मला आठवत होतं. अकरा. दुसऱ्यांदा आठ. ताईने सूप खाली ठेवलं.

मग तिने मला सांगितलं आणि ते मी जन्मात विसरणार नाही. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की खूण दिसतेच असं नाही, सूज नाही, दुखत नाही, आणि ती चावते बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. सकाळी पोटात दुखतं, उलटी होते, घसा दुखतो, घरच्यांना वाटतं खाण्यात काही आलं. मग पापण्या जड होतात. माणूस झोपाळलेला दिसतो. आवाज नाकातून यायला लागतो, गिळता येत नाही, मान उचलवत नाही, आणि हळूहळू वरून खाली एकेक स्नायू बंद पडत जातो, शेवटी श्वासाचे. शुद्ध असते बरं का शेवटपर्यंत, ताई म्हणाली, सगळं ऐकू येत असतं, फक्त सांगता येत नाही. त्या सिस्टरने हनुवटी वर केली ती पापण्या बघायला. आणि आकडे मोजायला लावले ते श्वास किती उरलाय ते मोजायला. त्या वयाचा धडधाकट मुलगा एका दमात सहज वीस-पंचवीसच्या पुढे जातो. हा अकराला थांबला. दहा मिनिटांनी आठला. "म्हणजे खाली चाललाय. मशीन नसलं तर हेच मशीन. कान लावून ऐकायचं, कुठे थांबतो, चोरून मध्ये श्वास घेतो का." 

मला ऐकू येत नाहीये. ती खरंच मला ऐकू येत नाहीये एवढंच म्हणत होती.

सापाच्या विषावरचं इंजेक्शन लगेच चालू केलं असणार, ताई म्हणाली, साधारण दहा वाईल्स, म्हणजे कुप्या, आणि लहान मुलाला डोस लहान नसतो, कारण सापाने काही मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. फुरसं किंवा घोणस असेल तर गोष्ट निराळी, तिथे रक्त गोठायचं थांबतं, मग काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी आडवी करून बघायची, पातळच राहिलं तर विष भिनलंय. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत नातेवाईकांना वाटतं नळी ठेवून सिस्टर चहाला गेली. मण्यारीत मात्र रक्त नीट गोठतं, नळी तुम्हाला काही सांगत नाही, तिथे पापणी आणि आकडे.

ट्रियाज म्हणतात ह्याला. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ निवडणे, वेगळं काढणे. ताईच्या सुपात जे चाललं होतं तेच. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक लॅरे नावाचा सर्जन होता, त्याने रणांगणावर असा नेम घालून दिला की ज्याची जखम सगळ्यात जिवावरची तो आधी, मग तो अधिकारी असो की साधा शिपाई, आपला असो की शत्रूचा. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी काय होत असेल ते आपल्याला सांगायला नको, अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच होतं, कुणाचा तरी फोन येतो. ताईने असे फोन खूप घेतलेत. "साहेबांचा माणूस आहे, जरा बघा." ती म्हणायची, बघतेय, आणि त्या माणसाची नाडी खरंच बघायची, आणि मग त्याच्या नंबरवर ठेवायची. दोनदा मेमो मिळाला तिला. तो मेमो तिने अजून जपून ठेवलाय, लग्नाच्या फोटोंच्या डब्यात.

आता ह्याची शास्त्रं झालीयेत. इंग्लंडात मॅंचेस्टरची पद्धत १९९०च्या दशकात निघाली, तिच्यात पाच रंग, लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटांच्या आत, पिवळा एक तास, हिरवा दोन तास आणि निळा चार तास. आपल्याकडे बहुतेक लाल, पिवळा, हिरवा एवढ्यावर भागवतात. बाबा पिवळे असावेत, ताईच्या मते. रक्त दिसत होतं भरपूर, पण दाबल्यावर थांबत होतं, नखाचा रंग दोन सेकंदांत परत येत होता, बोलत होते, चालत होते. "रक्त सगळ्यांना दिसतं रे. श्वास कुणी मोजत नाही." हे ती अशा काही आवाजात म्हणाली की मला वाटलं हे तिने शेकडो शिकाऊ मुलींना सांगितलं असेल.

पण रंग आणि मिनिटं ही जिथे स्वतंत्र ट्रियाजची नर्स असते तिथली गोष्ट. आमच्या इकडे ती एकच सिस्टर असते. तीच इंजेक्शन देणार, तीच ड्रेसिंग, तीच रजिस्टर भरणार, एमएलसी, म्हणजे पोलीस केस, असली तर पोलिसांना कळवायची आठवण तीच करणार, आणि मध्येच वरून निरोप आला की लेबर रूममध्ये धावणार. तिच्यासाठी ट्रियाज म्हणजे दाराजवळून जाताना बाकड्यांवरून फिरवलेली एक नजर. कोण कसा बसलाय, पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकून बसलाय का, कारण धाप असलेला माणूस आडवा होऊच शकत नाही. कोण एका दमात अख्खं वाक्य बोलतोय आणि कुणाचे शब्द दोन-दोनने तुटतायत. कुणाच्या कपाळावर घाम आहे, पंखा चालू असताना. कुठलं मूल रडतंय, आणि कुठलं रडायचं थांबलंय. थांबलेलं मूल आधी. मी त्या दिवशी त्याच व्हरांड्यात पन्नास मिनिटं होतो आणि मला यातलं काही दिसलं नाही, मला फक्त माझा माणूस दिसत होता. तसंच असणार ना. नातेवाईकाने आपलाच माणूस बघायचा असतो. पण मग कुणीतरी एक असं लागतं जे सगळ्यांचं बघेल, आणि ते करताना तिला प्रत्येकाच्या शिव्या खाव्या लागतात.

ओरडणारा बरा, गप्प वाईट, हे कोकणाला खरं तर ठाऊक असायला हवं होतं, कारण विंचवाने ते आपल्याला शिकवलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमाराला महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, मुलं त्यांच्यासमोर दगावायची. त्यांनी रात्र-रात्र बसून टिपून ठेवलं की नक्की काय होतं. चावल्या जागी मरणाच्या कळा येऊन जो आकांत करतो तो बहुतेक वाचतो. ज्याला उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात आणि ठणका मात्र फारसा नसतो, त्याच्या हृदयावर ते चाललेलं असतं. १९८२मध्ये त्यांची ती निरीक्षणं लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पुढे त्यांनी प्राझोसिन नावाचं ब्लडप्रेशरचं साधं औषध त्यावर वापरलं आणि मरणारी माणसं वाचायला लागली. आणि पेशंट बरा होत चालला की काय होतं माहितीये? दुखणं परत येतं. चावल्या जागी ठणकायला लागतं. मला हे ताईकडून कळलं तेव्हा मी दोनदा विचारलं, खरंच का म्हणून.

आणि आपली माणसं बोलतात कशी ते बघा. कुणालाही विचारा, "बरां आसा." छातीत कळ येतेय आणि "जरा अवघडल्यासारखा वाटता." बायका तर विचारूच नका, पाठ दुखतेय, जबडा ओढल्यासारखा होतोय, घाम येतोय, आणि म्हणणार, काल चुलीकडे खूप वेळ उभी होते ना. माझी आजी अशीच गेली. घरातल्या घरात, कुणाला त्रास नको म्हणून. त्यामुळे केसपेपरवर काय तक्रार लिहिलीय त्यापेक्षा माणूस दिसतो कसा हे बघावं लागतं, आणि ते बघायला मुंबईतल्या माणसापेक्षा इथल्या सिस्टरला जास्त कळतं, कारण तिच्या घरात पण सगळे "बरां आसा"च म्हणतात.

ताईने मला एक गोष्ट सांगितली ती मी लिहू की नको असं खूप दिवस मनात होतं. तिला विचारलं, ती म्हणाली लिही. तिच्या नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी एक माणूस चालत आला, साठीचा, गॅस झाला म्हणाला, जेवल्यापासून जळजळ. डायबेटीस होता, त्याने स्वतःच सांगितलं होतं. रात्रीची वेळ, एक मोठा ॲक्सिडेंट नुकताच आलेला, चार माणसं रक्तबंबाळ. तिने त्याला बाकड्यावर बसवलं. डायबेटीसच्या माणसाला हार्ट ॲटॅकची कळ येतच नाही कधी कधी, हे तिला माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, पण त्या क्षणी ते पुस्तकातून बाहेर आलं नाही. चाळीस मिनिटांनी ती तिकडे वळली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि केसपेपर त्याने विडीसारखा बारीक गुंडाळून मुठीत धरला होता. ती मूठ सोडवावी लागली. "मी चार जणांना वाचवलं त्या रात्री," ताई म्हणाली, "चारातल्या एकाचंही तोंड मला आठवत नाही." त्यानंतर तिने आयुष्यभर एक केलं, बसवलेल्या माणसाकडे परत परत जायची. बसवलं म्हणजे संपलं नाही. हिरवा कधीही पिवळा होतो, पिवळा लाल होतो, आणि सांगून होत नाही. शंका आली तर वरच्या रंगात टाकायचा, ती म्हणते, चुकलं तर चुकलं, एक खाट जास्त अडली एवढंच.

११ जुलै २००६ला लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा ती ड्युटीवर होती. त्याबद्दल ती फार बोलत नाही. एवढंच म्हणाली की अशा वेळी आधी येतात ते आपल्या पायांनी येऊ शकणारे. रिक्षातून, टेम्पोतून, कुणाच्या खांद्यावर. खाटा त्यांनीच भरून गेल्या तर मागून जे उचलून आणतात त्यांना जमिनीवर ठेवावं लागतं. म्हणून दारातच उभं राहायचं आणि दारातच निवडायचं. आणि तिथे एक चौथा रंग पण असतो, काळा. एरवी जो सगळ्यात जास्त मरणाच्या दारात तो आधी, पण माणसं शंभर आणि हात दहा असले की हिशोब उलटा होतो, ज्याला सगळे हात लावूनही उपयोग नाही त्याला बाजूला ठेवायचं आणि पुढे जायचं. श्वास चालू असलेल्या माणसावरून पुढे जायचं. मी विचारलं, मग त्याच्याजवळ कोण थांबतं? ती सुपाकडे बघत राहिली. "मावशी थांबायच्या. झाडूवाल्या मावशी. हात धरून बसायच्या त्या." 

इतकं सगळं ऐकून माझा राग गेला का? बराचसा गेला. सगळा नाही, आणि मला ते पण लिहायचंय. बाबांच्या अंगठ्याच्या एका बाजूला अजून बधिरपणा आहे, तो टाके लवकर पडले असते तरी राहिला असता, स्पर्शाची शीर कोयतीनेच कापली होती, हे मला दोन डॉक्टरांनी सांगितलंय आणि मला पटलंय. पण त्या पन्नास मिनिटांत मला एक वाक्य हवं होतं. "तुमचे बाबा सेफ आहेत, हात दाबून ठेवा, जीव जाणार नाही, त्या मुलाचा जाऊ शकतो." बस एवढंच. थांबा म्हणजे तुम्हाला काही होणार नाही, असाच त्याचा अर्थ असतो की. पण ऐकणाऱ्याला ते तुम्ही आम्हाला महत्त्वाचे नाही असं ऐकू येतं, आणि मग माझ्यासारखे लोक दारात उभं राहून ओरडतात, आणि आणखी कुठल्या तरी दवाखान्यात त्यातलाच कुणीतरी हात उचलतो, हे आपण बातम्यांत वाचतोच. ताईला म्हटलं तर ती म्हणाली, तुझं बरोबर आहे, सांगायला पाहिजे, सांगणं हे पण कामच आहे. मग म्हणाली, पण तेवढं बोलायला पंधरा सेकंद लागतात आणि बाकड्यावर वीस माणसं असतात. दोन्ही खरं आहे. मी ह्या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे अजून.

मे महिन्यात आंब्यांना म्हणून गावी गेलो. बाबा माळ्यावर आढी परतत होते. आढी ज्यांनी लावलीय त्यांना माहितीये, गवतात आंबे घातले म्हणजे काम झालं असं नसतं, रोज परतावी लागते, एकेक फळ हातात घेऊन, देठाजवळ हलकं दाबून, वास घेऊन, आजचा कुठला, उद्याचा कुठला, डागलेला लगेच बाहेर नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो. बाबा आता उजव्या हाताने दाबून बघतात, डाव्या अंगठ्याला मऊ-कडक कळत नाही. मी शेजारी बसून पेटीत गवत भरत होतो. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला आणि मी म्हटलं, पन्नास मिनिटं कुणी ढुंकून बघितलं नाही तुमच्याकडे. बाबांनी हातातला आंबा खाली ठेवला.

"ती तीनदा येवन बघून गेली. नख दाबून बघी, पंचो बघी. तू भांडत होतंस."

तीनदा. मी तिथेच होतो. दोन हातांवर.

बाबांनीच मग एक लहान पेटी वेगळी काढली, दोन डझनांची, वर बारीक गवत पसरलं, आणि म्हणाले, देवन ये. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. व्हरांडा तोच, छत्र्या नव्हत्या, उन्हाळ्याचा वास होता, फिनेल आणि घाम. ती दारातच होती. मी नाव सांगितलं, गणपतीत आलो होतो म्हटलं, तिला मी आठवलो नाही. मग बाबांच्या हाताचं सांगितलं तर लगेच म्हणाली, "डावा, अंगठ्याखाली, सात टाके. बाजू बधिर आहे ना अजून? गरम भांडं धरताना जपायला सांगा, भाजलेलं कळायचं नाही त्यांना." मी काय बोलणार होतो ते घरून पाठ करून आलो होतो. त्या मुलाबद्दल, त्या आकड्यांबद्दल, माझ्या ओरडण्याबद्दल. मी पहिला शब्द काढला आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. एका बाईला दोघं धरून आणत होते, पाटीवाली होती, कमरेला खोचलेलं लुगडं, हाताला मासळीचं पाणी, आणि ती म्हणत होती काय नाय ओ, जरा चक्कर इली. कपाळावर घामाचे मोठे थेंब.

सिस्टर गेली. मी पेटी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, खालच्या पट्टीत, काहीतरी विचारत होती, आणि ती बाई उत्तर देत होती, दोन-दोन शब्दांनी. माझ्या शेजारचा माणूस मोबाईलवर मोठ्याने बोलायला लागला. मी त्याच्या हाताला हात लावला आणि ओठांवर बोट ठेवलं.